जोडीतला दुसरा डाव

१

मला बुद्धिबळ आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं काम कळलं की लोकांना वाटतं ही दिवसभर हत्ती-घोड्यांशी खेळत बसते. मी खेळत नाही, खेळवते. एका कंपनीच्या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामची सेटिंग्ज तपासणं हा माझा धंदा. एकाच प्रोग्रामच्या दोन प्रती घ्यायच्या, एकीतलं एक सेटिंग बदलायचं, दुसरीला हात लावायचा नाही आणि दोघींना आपसात झुंजवायचं. हजारो डाव. शेवटी कोण वरचढ ठरली ते पाहून बदल ठेवायचा की काढायचा हे ठरतं. बाकी वेळ मी घरातच, मागच्या खोलीत, मशीनच्या पंख्यांची घरघर ऐकत असते.

तेव्हा जे सेटिंग तपासत होते त्याला मी तुच्छता म्हणते. समोरच्याला आपल्यापेक्षा किती कमी लेखायचं ते त्यात ठरतं. ते वाढवलं की मशीन बरोबरी घेत नाही. डाव उघड उघड बरोबरीचा असला तरी ओढत राहतं, स्वतःचं नुकसान करून घेतं, पण समोरच्याला सुटू देत नाही. असली माणसं मी घरात पाहिली असल्यामुळे ते सेटिंग मला चटकन समजलं.

आमच्या कामात एक रीत आहे. डाव पहिल्या खेळीपासून खेळवत नाहीत. आधीच मांडून ठेवलेल्या एखाद्या स्थितीपासून सुरू करतात. ती स्थिती एका बाजूला झुकलेली असू शकते, म्हणून तीच स्थिती दोनदा खेळवायची. पहिल्या डावात पांढरी मोहरी एकीला, दुसऱ्या डावात दुसरीला. याला जोडी म्हणतात. जे एकीने भोगलं ते दुसरीनेही भोगायचं, मग कुणी अन्याय झाला म्हणू शकत नाही. डाव लावणारा आणि निकाल देणारा प्रोग्राम, म्हणजे पंच, मीच लिहिलाय. प्रत्येक डाव संपला की तो स्पीकरमधून टक् असा आवाज करतो. त्यात मी हट्टाने एक नियम घातला होता: अर्धी जोडी मोजायची नाही आणि मध्ये सोडायचीही नाही. पहिला डाव झाला की काहीही होवो, दुसरा होणारच.

एका सकाळी मी सहज एक जोडी उघडून पाहिली. दुसरा डाव पहिल्यासारखाच होता. सारखा म्हणजे खेळीला खेळी सारखा, फक्त बाजू बदललेल्या. जी प्रत समोरच्याला कमी लेखत नाही, तिनेही बरोबरी नाकारून शेवटपर्यंत ओढलं होतं. असं होत नसतं. दोघींची सेटिंग्ज वेगळी, वाटा कुठेतरी फुटायलाच हव्यात. त्याहून वाईट म्हणजे विचार करायला घेतलेला वेळही तोच होता. पहिल्या डावात एके ठिकाणी पांढऱ्या राजाला एकच खेळी शिल्लक होती, आणि ती खेळायला मशीन उगाचच खूप वेळ थांबलं होतं. दुसऱ्या डावात दुसरीही तिथेच, तितकाच वेळ थांबली होती.

२

साहेबांना फोन केला. साहेब दुसऱ्या शहरात बसतात आणि उंटावरून शेळ्या हाकतात.

"मॅडम, तुम्ही दोन्हीकडे एकच सेटिंग लावलंय. नवशिके करतात अशी चूक."

"मी नवशिकी नाही."

"तसं नाही म्हणालो मी. पण डोळ्यांखालून घाला ना एकदा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अशी चूक मी इतरांच्या कामात शोधते. तरी पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं. सेटिंग्ज वेगळीच होती. मशीन बंद करून चालू केलं, प्रती नव्याने चढवल्या. पुढच्या जोड्याही तशाच आल्या. साहेबांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "चालू द्या मग. कधीतरी वेगळे होतील." हा माणूस घराला आग लागली तरी चालू द्या म्हणेल.

मागची खोली मुळात अडगळीची. एक खिडकी आहे, ती इमारतीच्या आतल्या बोळात उघडते, जिथून फक्त इतरांच्या मोऱ्यांचे आवाज येतात. दुसऱ्या बाजूला आईची खोली. भिंत इतकी पातळ की तिने कूस बदलली तरी पलंग कुरकुरतो तो मला ऐकू येतो. त्या दिवशी लक्षात आलं की माझ्या मशीनचं टक् तिलाही ऐकू जात असणार. तिने कधी तक्रार केली नव्हती.

३

घरात आम्ही तिघं. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. आईचे गुडघे गेलेत. धाकटा गाडी चालवायला शिकवतो. दिवसभर परक्या माणसांना गोड आवाजात सांगतो, "सावकाश, काही घाई नाही," आणि घरी आला की आईवर खेकसतो. त्याच्या वाट्याचा गोडवा बाहेरच संपतो, आम्हाला गाळ मिळतो.

त्या आठवड्यात सकाळी आम्ही चहा घेत होतो. आतून आईने हाक मारली, "अरे, कुणी आहे का तिकडे? मला उठायचंय."

धाकटा हलला नाही. मी म्हणाले, "कान काय फक्त मलाच दिलेत देवाने?"

"तू घरात असतेस. मी घरात नसतो. सोपं आहे."

"घरात असते म्हणजे रिकामी असते का?"

त्याने बिस्कीट चहात बुडवलं. ते मऊ होऊन तुटून पडेपर्यंत तसंच धरून ठेवलं. मग म्हणाला, "पंख्यांचा आवाज ऐकत बसतेस. त्याला काम म्हणतात होय?"

शेवटी मीच उठले. नेहमी मीच उठते.

दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी होती. आम्ही त्याच जागी बसलो होतो. आईने हाक मारली, त्याच शब्दांत. आईचं ठीक आहे, ती रोज तेच म्हणते. मी कप खाली ठेवणार तोच धाकटा म्हणाला, "कान काय फक्त मलाच दिलेत देवाने?"

चोराच्या उलट्या बोंबा, असं मी म्हणणार होते. शब्द जिभेवर होते. पण तोंडातून निघालं, "तू घरात असतोस. मी घरात नसते. सोपं आहे."

मी घरात नसते! दारात भाजीवाला आला तरच उंबऱ्यापर्यंत जाणारी मी.

"घरात असतो म्हणजे रिकामा असतो का?" तो म्हणाला.

मी बिस्कीट खात नाही. तरी माझ्या हातात बिस्कीट होतं, चहात बुडवलेलं, आणि ते तुटून पडेपर्यंत मी तशीच बसले. मग मी त्याला म्हणाले, "पंख्यांचा आवाज ऐकत बसतोस. त्याला काम म्हणतात होय?" गाडी शिकवणाऱ्या माणसाला याचा अर्थ काय लागणार? पण त्याला ते लागलं, जिव्हारी लागलं. तो उठला आणि आईकडे गेला. आतून आईचा आवाज आला, "आज तू कसा रे?" खूश झाली होती बिचारी.

मागच्या खोलीतून टक् ऐकू आलं.

४

मी काही भोळी बाई नाही. बहीण-भाऊ एका घरात वाढले की एकमेकांचे टोमणे पाठ होतात, हे मला कळतं. म्हणून मी तपासलं. तपासणं हेच माझं काम.

एकदा धाकटा पायऱ्या उतरून गेल्यावर, घरात कुणी पाहायला नसताना, मी रागाने स्टीलचा पेला मोरीत आपटला. पेल्याला पोचा आला. तो मी मांडणीत मागे लपवला. दुसऱ्या दिवशी मी बाहेर दोरीवरचे कपडे काढत होते आणि तो स्वयंपाकघरात एकटा होता. आतून धाडकन आवाज आला. जाऊन पाहिलं तर धाकटा दुसराच एक पेला मांडणीत मागे सरकवत होता. दोन पेल्यांना पोचे, दोन्ही एकाच जागी.

"काय झालं रे?"

"काही नाही. हातातून पडला."

"तुला हल्ली काही वेगळं वाटतं का?"

"तू रोजच वेगळी वाटतेस, ताई."

मग मी ठरवलं, भांडायचंच नाही. संध्याकाळी तो आल्यावर चहा केला, त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "चल, जाऊ दे. आपण दोघं मिळून आईचं बघू." माझं मलाच नवल वाटलं, इतक्या मनापासून म्हणाले मी. तो कपाकडे बघत राहिला. मग हसला आणि म्हणाला, "दमलीस का? हरलीस म्हण, मग बघू."

मला त्याचा इतका संताप आला की रात्रभर दात आवळून दाढा दुखल्या.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने चहा केला. कधी नव्हे तो. कप माझ्यापुढे ठेवला. "चल ताई, जाऊ दे. आपण दोघं मिळून आईचं बघू." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो खरं बोलत होता, मला दिसत होतं. हो म्हण, मी स्वतःला सांगत होते, हो म्हण बाई, हा माणूस पुन्हा विचारणार नाही. आणि माझ्या तोंडावर हसू आलं. ते माझं हसू नव्हतं, पण माझ्याच गालांवर होतं.

"दमलास का?" मी म्हणाले. "हरलास म्हण, मग बघू."

त्याने कप उचलून मोरीत ओतला. मी तिथेच बसून राहिले आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. भीतीचाही मला रागच आला.

५

लिफ्ट दुरुस्तीला काढली होती. आईला व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे न्यायचं होतं, आणि त्या म्हणाल्या होत्या की जिना उतरणं हाही व्यायामच आहे, दोघांनी सांभाळून आणा. आमचा जिना अरुंद आहे, दिवसाही तिथे पिवळा दिवा लागतो. धाकट्याने आईचा दंड धरला होता. मी तिची पिशवी खांद्याला लावून एक पायरी खाली, त्यांच्याकडे तोंड करून उतरत होते.

त्याला पुढे शिकवणी होती, तो ओढत होता. आई म्हणाली, "हळू रे. मी काय पळून जातेय का?"

तो थांबला. बराच वेळ थांबला. त्याच्या जबड्याचं हाड हलताना दिसत होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी कुलूप लावत होतं, त्याचा आवाज झाला आणि विरला, तरी तो थांबलेलाच. मला वाटलं याच्या पाठीत उसण भरली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "तुझ्यापायी आम्ही दोघं इथे सडतोय. पड एकदाची."

आणि त्याने हात सोडला.

आई सरळ माझ्या अंगावर आली. तिचं कपाळ माझ्या गळ्याच्या हाडावर आपटलं, माझी पाठ कठड्यावर. पिशवी गडगडत खाली गेली. पण धरलं मी तिला. ती लहान मुलासारखी माझ्या ब्लाउजला घट्ट धरून राहिली.

त्यानंतर मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेजाऱ्यांनी दारं उघडली. धाकटा घरात गेला, बॅग भरली आणि निघून गेला, मित्राकडे. मी आईला पलंगावर निजवलं, कपाळाला बर्फ लावला, आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. आता सगळ्या जगाला कळलं होतं की या घरात वाईट कोण.

भिंतीपलीकडे टक् झालं. एकदाच.

हातातला बर्फ वितळून मनगटावरून ओघळत होता. पहिला डाव, माझ्या मनात आलं. हा जोडीतला पहिला डाव होता.

६

मी मागच्या खोलीत गेले आणि सामना थांबवण्याचा हुकूम दिला. पंचाने उत्तर दिलं: जोडी अपूर्ण, दुसरा डाव बाकी. माझंच वाक्य होतं ते, मीच लिहिलेलं. पुन्हा हुकूम दिला, पुन्हा तेच. शेवटी भिंतीतून वायरच उपटली. पंखे फिरत फिरत थांबले. वायरने कुणाची आई पडत नसते, मी स्वतःला बजावलं. मोठ्याने बजावलं.

धाकट्याला फोन केला. "घरी ये."

"कशाला? चारचौघांत आणखी काढायचं राहिलंय का काही?"

"कधी आईला खाली न्यावं लागलं तर तू माझ्या पुढे हवास. एक पायरी खाली. बाकी काही विचारू नकोस."

"आता कुठल्या पायरीवर उभं राहायचं ते पण तूच सांगणार?" मग आवाज बदलला. "बोललो ते बोललो, ताई. ते माझं. पण हात मी सोडला नाही. बोटं आपली आपण उघडली. मी बघत होतो."

"बोटं आपली आपण उघडत नसतात. माणूस उघडतो." हे म्हणायचं नव्हतं मला. मला म्हणायचं होतं, मला माहीत आहे. पण राग आधी बाहेर पडतो, माझा तर नेहमीच.

त्याने फोन ठेवला.

मग मी एक सोपा उपाय केला. आईला जिन्यावर न्यायचंच नाही. व्यायामवाल्या बाईंना नको म्हणून कळवलं. आईच्या चपला माळ्यावर टाकल्या. आई विचारायची, "बाहेर कधी जायचं गं?" मी म्हणायचे, लिफ्ट झाली की. एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "तो मला पाडायला निघाला आणि तू मला कोंडायला. माझ्या पोटी दोन पोरं आली, पण मन एकच आलं वाटतं." मी ओरडले तिच्यावर. जिच्यासाठी जीव टाकत होते तिच्यावरच ओरडले. तिने भिंतीकडे तोंड केलं.

७

मग एका सकाळी साहेबांचा फोन आला. सामना बंद का आहे, विचारत होते.

"मी तो चालवणार नाही," मी म्हणाले. "काय करायचं ते करा."

"अहो, चिडता कशाला? तुम्हाला त्रास नको म्हणून मीच इथून लावलाय. तुमची नोंद होतीच आमच्याकडे. एक जोडी अर्धी राहिली होती, तिच्यापासून सुरू केलाय."

"बंद करा."

"अहो, अर्धी जोडी सोडता येत नाही. नियम तुमचाच ना?"

त्याच वेळी बाहेरच्या दाराची कडी वाजली.

मी फोन टाकून धावले. दार सताड उघडं. आई जिन्यावर होती, भिंती धरत आपली आपण आलेली, अनवाणी, अंगावर चांगली साडी, एक हात कठड्यावर. दोन-चार पायऱ्या उतरूनही झाली होती. माझी चाहूल लागली तशी ती म्हणाली, "मीच फोन करून बोलावलंय त्याला. खालून येतोय. तुम्ही दोघं मिळून न्या मला. पुरे झालं आता तुमचं."

मी उड्या टाकत उतरले आणि तिचा दंड धरला. तिला वर ओढायचं, एवढंच डोक्यात होतं. दंड हातात आल्यावर मला कळलं की मी कुठे उभी आहे: त्या दिवशीच्या त्याच्या जागी. मी वर पाय टाकायला गेले आणि पाय खालच्या पायरीवर पडला. पुन्हा वर टाकायला गेले, पुन्हा खाली पडला. मी तिला ओढत होते, खाली.

"हळू गं," आई म्हणाली. "मी काय पळून जातेय का?"

मी थांबले. माझा जबडा आवळला गेला. पुढच्या पायरीवर, जिथे त्या दिवशी मी होते तिथे, कुणीच नव्हतं. फक्त पिवळा उजेड होता. आणि खाली, खूप खाली, बुटांचे आवाज.

तो थांबला होता तितकंच मी थांबणार. एवढा वेळ माझ्याकडे होता. किती होता तो? मी आठवायचा प्रयत्न केला. बराच होता, मला कंटाळा आला होता. देवा, अजून बराच असू दे. बूट चढत होते, न धावता, रोजच्यासारखे. त्याला ओरडून सांगायचं होतं, धाव. पण दात उघडत नव्हते. मी नुसती उभी होते आणि आतून राग वर येत होता, दुधासारखा, काठापर्यंत. सगळा त्याचा राग नव्हता तो. मला शपथेवर सांगता येतं, त्यातला पुष्कळसा माझाच होता. मागच्या खोलीतल्या सगळ्या वर्षांचा, पलंगाच्या प्रत्येक कुरकुरीचा, प्रत्येक हाकेला मीच उठल्याचा.

वरच्या मजल्यावर कुणीतरी कुलूप लावलं. तो आवाज झाला आणि विरला.

आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं मी दमलेय. तिने दुसरा हात कठड्यावरून काढला आणि माझ्या हातावर ठेवला, थोपटल्यासारखा. बूट खालच्या मजल्यावर पोचले. मग वळणाखाली. कठड्यावर त्याचा हात दिसला, मग डोकं. त्याने वर पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं. तो धावू लागला.

माझं तोंड उघडलं. तो अजून वळणावरच होता.